जुळ्या गर्भांची वाढ : एकूण आकडा नको, स्वतंत्र मोजणी हवी



या पानावर आम्ही एरवी बेणे, लागण, खोडवा आणि खताचे हप्ते यांबद्दल लिहितो. या वेळचा विषय घरातला आहे. गटसभा आटोपली की मंडळी बाजूला घेऊन उसाशिवायच्याही बऱ्याच गोष्टी विचारतात. त्यांत एक प्रश्न असा येतो : "साहेब, सूनबाईला जुळं आहे. रक्ताच्या रिपोर्टात हार्मोनचा आकडा भलताच मोठा आलाय. म्हणजे दोन्ही बाळं चांगली वाढत्यात ना?"

उत्तर एका वाक्यात द्यायचे तर, त्या आकड्यावरून ते कळत नाही. का कळत नाही आणि मग कशावरून कळते, हे सांगण्यासाठी हा लेख आहे.

उपचाराचा शब्द डॉक्टरांचाच. आम्ही पडलो शेतीचे डिप्लोमावाले. पण यातला निम्मा भाग मोजमापाचा आहे, आणि मोजमाप हा आमचा रोजचा धंदा. कोणता आकडा काय सांगतो हे घरातल्या माणसांना उमगले, तर दवाखान्यात वेळेवर जाणे होते. जुळ्याच्या बाबतीत वेळेला फार किंमत आहे.

जुळे दोन प्रकारचे

भुईमुगाची दोन दाण्यांची शेंग सर्वांनी सोललेली आहे. टरफल एक, पण आतला प्रत्येक दाणा वेगळ्या फलधारणेतून तयार झालेला असतो. बहुतेक जुळी या जातीची. एकाच महिन्यात दोन बीजांडे बाहेर पडतात, दोन्ही फळतात आणि दोन भावंडे एका वेळी वाढू लागतात. ती दोन मुलगे, दोन मुली किंवा एक-एक अशी कशीही असू शकतात. चेहरेपट्टीही सख्ख्या भावंडांइतकीच जुळते.

दुसरा प्रकार उसाच्या टिपरीसारखा. एका टिपरीवरच्या दोन डोळ्यांतून दोन कोंब येतात, पण जात एकच. तसे एकच फळलेले बीजांड सुरुवातीच्या दिवसांत दुभंगते आणि त्याची दोन बाळे होतात. ही एकसारखी दिसणारी जुळी. जगात कुठेही गेले तरी यांचे प्रमाण हजार बाळंतपणांमागे सुमारे ४ इतकेच असते.

पहिल्या प्रकाराचे प्रमाण मात्र बदलते. नायजेरियातील योरुबा लोकांत ते फार जास्त, आपल्याकडे आशिया खंडात कमी. यामागे एक संप्रेरक, म्हणजे हार्मोन आहे. मेंदूखालच्या एका लहान ग्रंथीतून एफएसएच नावाचे संप्रेरक निघते आणि ते बीजांड पिकवते. काही घराण्यांतील स्त्रियांत याचा जोर जास्त असतो. पस्तिशीच्या पुढे वय गेले की तो वाढतो. म्हणून दोन बीजांडांच्या जुळ्याचा वारसा बाईच्या स्वतःच्या अंगातून येतो. नवऱ्याच्या घरी कितीही जुळी असली तरी त्याने बायकोची दोन बीजांडे पिकत नाहीत. वंध्यत्वावरच्या उपचारांत बीजांडे पिकवण्याची औषधे देतात किंवा एकाहून अधिक गर्भ ठेवतात, तेव्हाही जुळ्यांची शक्यता वाढते.

जुळे केळ खाल्ल्याने जुळे होते ही समजूत आपल्याकडे जुनी आहे. केळ पौष्टिक आहे, खुशाल खावे. जुळ्याशी त्याचा काही संबंध नाही.

वार एक की दोन?

आता खरा मुद्दा. जुळी दिसायला सारखी होतील की नाही याचे घरच्यांना कुतूहल असते. डॉक्टरांना मात्र आधी हे हवे असते की वार एक आहे की दोन.

वार म्हणजे बाळाची विहीर. आईच्या रक्तातून अन्न आणि प्राणवायू घेऊन ती नाळेवाटे बाळाला पोचवते. दोन बाळांना दोन वारा असल्या तर दोन शेतांना दोन विहिरी असल्यासारखे झाले. एका विहिरीचे पाणी आटले तरी दुसऱ्या शेताला लगेच झळ पोचत नाही.

वार एकच असेल तर दोन वाफे एकाच पाटावर आले. त्यातून वारेच्या आत दोन्ही बाळांच्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडलेल्या असतात. बहुतेक वेळा देवाणघेवाण सारखी राहते. पण वार एकच असलेल्या जुळ्यांपैकी शेकडा १० ते १५ ठिकाणी पाण्याची पाळी बिघडते. एका बाळाचे रक्त दुसऱ्याकडे जास्त वाहू लागते. देणारे बाळ सुकते, त्याच्याभोवतीचे गर्भजल आटते. घेणाऱ्या बाळाचे हृदय जादा रक्ताने थकते आणि त्याच्याभोवती पाणी फार साचते. उपचार न झाल्यास दोन्ही बाळे दगावण्याचा धोका मोठा असतो. यावर आज इलाज आहे. गर्भाशयात बारीक दुर्बीण घालून त्या जोडवाहिन्या लेसरने बंद करतात. २००४ साली युरोपातील डॉक्टरांनी या पद्धतीची रीतसर तुलना प्रसिद्ध केली आणि २६ आठवड्यांच्या आत हा उपचार जुन्या उपायापेक्षा सरस ठरला. मात्र तो ठरावीक मोठ्या केंद्रांतच होतो. तिथे पोचायचे तर बिघाड वेळेत लक्षात यायला हवा.

इथे एक गैरसमज काढून टाकू. दोन वारा दिसल्या म्हणजे जुळी वेगळ्या बीजांडांचीच, असे नव्हे. एकच बीजांड पहिल्या तीन दिवसांतच दुभंगले तर दोन वारा होतात. साधारण चौथ्या ते आठव्या दिवसांत दुभंगले तर वार एक, पण पाण्याच्या पिशव्या दोन. त्याहून उशिरा दुभंगले तर वारही एक आणि पिशवीही एक. या शेवटच्या प्रकारात नाळा एकमेकींत गुंतण्याची भीती असते. तो क्वचितच आढळतो, पण सर्वांत जोखमीचा आहे.

रक्तातला आकडा काय सांगतो?

गर्भ राहिल्यावर वारेच्या पेशी एचसीजी नावाचे संप्रेरक तयार करतात. १९२०च्या दशकाअखेर बर्लिनमध्ये आश्हाइम आणि झोंडेक या दोघा संशोधकांनी गरोदर स्त्रीची लघवी उंदरांना टोचून त्यावरून गर्भ ओळखण्याची चाचणी बसवली. आज घरी पट्टीवर दोन रेघा येतात त्याही याच संप्रेरकामुळे. सुरुवातीला ते दोन-तीन दिवसांत दुप्पट होत जाते, साधारण ८ ते ११ आठवड्यांच्या सुमारास शिखर गाठते आणि मग उतरते. हे उतरणे नैसर्गिक आहे. "आकडा कमी झाला" म्हणून घाबरून जाऊ नये.

जुळ्यात वारेचा पसारा मोठा, म्हणून एचसीजी सरासरीने जास्त असते. पण सरासरी वेगळी आणि एका बाईचा रिपोर्ट वेगळा. ९ ते १२ आठवड्यांसाठी लॅबच्या छापील तक्त्यात साधारण २५ हजारांपासून अडीच लाखांच्याही पुढचा पल्ला दिलेला असतो, आणि तोही एका बाळासाठी. इतक्या लांबरुंद पट्ट्यात जुळ्याचा आकडा सहज मावतो. म्हणून मोठ्या आकड्यावरून जुळे ठरत नाही आणि बेताच्या आकड्यावरून जुळे नाही असेही म्हणता येत नाही.

मग आईला याचा त्रास होतो का? होतो. जुळ्यात मळमळ-उलटी जास्त होते, त्यात या संप्रेरकाचा हात असल्याचे मानले जाते. वारेतून निघणारी दुसरी काही संप्रेरके आईच्या इन्सुलिनचा जोर कमी करतात, म्हणून साखरेची तपासणी टाळू नये. रक्तदाब वाढून लघवीतून प्रथिन जाण्याचा विकारही जुळ्यात अधिक. म्हणजे संप्रेरकांचा पसारा आईच्या प्रकृतीवर परिणाम करतो. पण बाळांच्या वाढीचे माप म्हणून तो आकडा चालत नाही.

का चालत नाही ते काट्यावर पाहू. तुमचे दोन गट नंबर आहेत. एक विहिरीखालचा, दुसरा माळावरचा. दोन्हींचा ऊस तोडून एकाच ट्रॉलीत भरला आणि कारखान्यावर आणला. काटा चोख आहे, वजनाची पावती बरोबर आहे. पण त्या पावतीवरून माळावरचा ऊस मार खाऊन गेला की काय, हे सांगता येईल? नाही. चांगल्या गटाने कमजोर गटाची उणीव झाकून टाकली.

आईचे रक्त ही अशीच एक ट्रॉली. त्यात दोन्हीकडचे संप्रेरक एकत्र येते. एक बाळ दणकट असले आणि दुसरे खंगत चालले तरी बेरीज भरघोस दिसू शकते. उणे कुणाचे, हे त्या बेरजेला सांगताच येत नाही.

हा प्रयोग पूर्वी मोठ्या प्रमाणावर होऊन गेला आहे. १९६० आणि १९७०च्या दशकांत गर्भाची प्रकृती ओळखण्यासाठी आईच्या चोवीस तासांच्या लघवीतील इस्ट्रिऑल मोजत. रक्तातील वारेचे दुग्धसंप्रेरकही मोजत. इस्ट्रिऑल तयार होण्यात बाळाच्या स्वतःच्या ग्रंथींचा वाटा असतो, म्हणून तो बाळाचा आरसा आहे असे वाटे. पण एकाच बाईचा आकडा आज एक तर उद्या दुसरा यायचा. एका बाळाच्या बाबतीतही भरवसा पुरेना, मग दोघांचे काय? १९८०च्या दशकात सोनोग्राफी सर्रास झाली आणि या तपासण्या मागे पडल्या.

संप्रेरकाची एक तपासणी मात्र आजही पहिल्या तिमाहीत होते. तिला डबल मार्कर म्हणतात. तिचा हेतू वेगळा : बाळात जन्मजात दोषाची शक्यता किती, हे आजमावणे. जुळ्यात तिचे आकडे एका बाळाच्या तुलनेत मुळातच मोठे येतात. म्हणून लॅबच्या फॉर्मवर 'जुळे' असे लिहिले आहे की नाही, वार एक की दोन हे नोंदले आहे की नाही, ते आवर्जून पाहावे. नोंद राहिली तर हिशेब चुकतो आणि घर उगाच काळजीत पडते.

आणि एक. आकडा वाढावा म्हणून मनाने किंवा कुणी सांगितले म्हणून हार्मोनच्या गोळ्या, इंजेक्शने घेऊ नयेत. काट्यावर हात ठेवल्याने उसाचे वजन वाढत नाही, तसेच हे.

बॉयलरपासून सोनोग्राफीपर्यंत

वेगवेगळे मोजायचे तर आत पाहता आले पाहिजे. ते साधन कुठून आले हे साखर कारखान्याच्या सभासदांना ऐकायला आवडेल.

ग्लासगो येथील प्रसूतिशास्त्राचे प्राध्यापक इयन डोनाल्ड १९५५ साली रेनफ्रू गावी बॅबकॉक अँड विलकॉक्स या बॉयलर बनवणाऱ्या कंपनीत गेले. तिथे जाड पत्र्यातील आणि जोडातील चीर शोधण्यासाठी ध्वनिलहरींचे यंत्र वापरत. कानाला ऐकू न येणारा सूक्ष्म आवाज धातूत सोडायचा, आतून परत येणाऱ्या प्रतिध्वनीवरून दोष कुठे आहे ते ओळखायचे. डोनाल्ड यांनी शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी सोबत नेल्या होत्या. त्या यंत्राखाली धरल्या तेव्हा पाण्याची गाठ आणि भरीव गाठ यांचे प्रतिध्वनी वेगळे निघाले. पुढे अभियंता टॉम ब्राउन आणि डॉक्टर जॉन मॅकव्हिकर यांच्या साथीने त्यांनी माणसाच्या पोटासाठी यंत्र बसवले आणि १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय पत्रात त्याची माहिती छापली. बॉयलरच्या जोडातली चीर शोधणारी विद्या अशी गर्भाशयापर्यंत आली. यात क्ष-किरण नाहीत, फक्त आवाज आहे.

सोनोग्राफीत प्रत्येक बाळाची चार मुख्य मापे घेतात : डोक्याची रुंदी, डोक्याचा घेर, पोटाचा घेर आणि मांडीच्या हाडाची लांबी. यात पोटाचा घेर सर्वांत बोलका. अन्न कमी पडू लागले की बाळाचे यकृत बारीक होते आणि पोट मागे पडते, डोके मात्र बराच काळ तग धरते. या मापांवरून अंदाजी वजन काढण्याची सूत्रे अमेरिकेतील हॅडलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ साली दिली. ती आजही वापरात आहेत.

शिवाय डॉप्लर नावाची तपासणी असते. नाळेतून रक्त कसे वाहते ते तिच्यात दिसते. पिकाची उंची मोजणे वेगळे आणि दारे धरून पाण्याचा प्रवाह पाहणे वेगळे. डॉक्टर दोन्ही पाहतात.

पोटावर टेप लावून गर्भाशयाची उंची मोजण्याची जुनी रीत एका बाळाला उपयोगी आहे. जुळ्यात ती फसवी. टेपही पुन्हा बेरीजच सांगते.

एका मापावर भरवसा नको

तोडणीच्या आधी आम्ही उसाचा ब्रिक्स काढतो. एकाच उसाचा, एकाच दिवशी काढलेला ब्रिक्स पाहून कुणी तोडणीचा कार्यक्रम लावत नाही. काही दिवसांनी पुन्हा काढतो आणि चढ आहे की उतार ते पाहतो. सोनोग्राफीच्या वजनालाही हाच नियम लागू आहे. अंदाजात शेकडा १० ते १५ पर्यंत इकडे-तिकडे होऊ शकते. म्हणून एका रिपोर्टने हुरळून जाऊ नये आणि खचूनही जाऊ नये. दोन मोजण्यांत निदान १४ दिवसांचे अंतर असावे, कारण त्याहून कमी दिवसांत झालेली वाढ आणि मापातली चूक वेगळी करता येत नाही.

आता हिशेब पाहू. आकडे केवळ समजण्यासाठी घेतले आहेत.

२८ आठवडे : पहिले बाळ १२०० ग्रॅम, दुसरे १०८० ग्रॅम. बेरीज २२८०.
३२ आठवडे : पहिले १८०० ग्रॅम, दुसरे १४०० ग्रॅम. बेरीज ३२००.
३४ आठवडे : पहिले २२०० ग्रॅम, दुसरे १६०० ग्रॅम. बेरीज ३८००.

बेरीज दर वेळी वाढत गेली. आजीबाई म्हणतील, "पोट छान वाढतंय." पण वजनातला फरक मोठ्या बाळाच्या वजनाने भागून शंभराने गुणा. २८ आठवड्यांना फरक शेकडा १०, ३२ ला शेकडा २२, आणि ३४ ला शेकडा २७. म्हणजे दुसरे बाळ मागे पडत चालले आहे. साधारण शेकडा २० च्या पुढे फरक गेला की डॉक्टर तपासण्या जवळजवळ घेतात. २५ किंवा जास्त झाला तर तज्ज्ञांच्या केंद्रात पाठवतात. दोन्ही बाळे सारखीच खुरटी असतील तर फरक शून्य येईल, तेही बरे नव्हे. म्हणून प्रत्येकाचे वजन त्या आठवड्याच्या तक्त्याशीही ताडून पाहतात.

एवढ्यासाठीच पहिल्या मोजणीपासून बाळांना खूण लागते. डावीकडचे 'अ', उजवीकडचे 'ब' असे काहीतरी रिपोर्टात नोंदतात. मागचा रिपोर्ट सोबत नसेल तर नवे डॉक्टर कुणाला अ म्हणणार? आणि 'अ' चे मागचे माप 'ब' च्या नव्या मापाशी जुळवले तर सगळा उतारा खोटा. जुने रिपोर्ट सातबाऱ्यासारखे जपावेत.

वेळापत्रक

आठवडे शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात.

१. ११ ते १४ आठवडे : ही सोनोग्राफी चुकवू नये. दोन पिशव्यांमधला पडदा वारेला जिथे मिळतो तिथे जाड त्रिकोणी टोक दिसले तर वारा दोन. पातळ पडदा इंग्रजी टी अक्षरासारखा सरळ उभा दिसला तर वार एक. पुढे पडदा पातळ होत जातो, वारा एकमेकींना टेकतात आणि ही खूण ओळखणे अवघड होते. लागणीच्या वेळी जातीची नोंद राहिली तर पुढे उभ्या पिकात शोधत बसावे लागते, तशातली गत.

२. १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास : दोन्ही बाळांचे अवयव नीट आहेत का, ते पाहण्याची सविस्तर सोनोग्राफी.

३. त्यानंतर वारा दोन असतील तर सुमारे दर ४ आठवड्यांनी वाढीची मोजणी.

४. वार एक असेल तर १६ आठवड्यांपासूनच दर २ आठवड्यांनी. यात वजनाइतकेच पाण्याकडे लक्ष असते. एका पिशवीत सर्वांत खोल पाणी २ सेंटिमीटरहून कमी आणि दुसरीत ८ सेंटिमीटरहून जास्त, अशी जोडी दिसली की रक्ताची पाळी बिघडल्याची ती ठळक खूण.

५. बाळंतपण : सर्व काही सुरळीत असेल तर दोन वारांच्या जुळ्यासाठी ३७ आठवडे आणि एका वारेच्या, दोन पिशव्यांच्या जुळ्यासाठी ३६ आठवडे, असे डॉक्टर साधारणपणे ठरवतात. जुळ्यांपैकी निम्म्याहून अधिक तशीही ३७ आठवड्यांच्या आत जन्मतात. म्हणून नऊ महिने भरण्याची वाट पाहत घरी बसू नये. जिथे लहान बाळांचा अतिदक्षता कक्ष आहे असे रुग्णालय सातव्या महिन्यातच ठरवून ठेवावे.

घरी काय करावे?

रक्ताची गरज वाढलेली असते, म्हणून लोह आणि फॉलिक अॅसिडच्या गोळ्या, कॅल्शियम चुकवू नये. हिमोग्लोबिन दर तिमाहीला पाहावे. जेवण दोन घासांनी नव्हे, दोन वेळांनी वाढवावे : डाळ-उसळ, दूध, अंडी, भाकरी, पालेभाजी, थोडे थोडे पण अनेकदा. घरातल्या सगळ्यांची पाने उठल्यावर उरलेले तिने खायचे, ही रीत या नऊ महिन्यांत तरी बंद व्हावी.

पुढील गोष्टी दिसल्या तर उद्यावर टाकू नये : पोट दोन-चार दिवसांत एकाएकी फुगणे व धाप लागणे, डोके फार दुखणे, डोळ्यांपुढे अंधारी, चेहरा-हात सुजणे, अंगावरून रक्त किंवा पाणी जाणे, वेळेआधी कळा, बाळांची हालचाल मंदावणे. यांपैकी काहीही झाले तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना.

हंगाम आणि ती बाई

आता कारखान्याच्या दृष्टीने सांगायचे ते. दसऱ्याच्या सुमारास जिची शेवटची पाळी झाली, तिची वार ओळखण्याची सोनोग्राफी डिसेंबरअखेर ते संक्रांतीच्या आत पडते. म्हणजे नेमकी गळीत हंगामाच्या ऐन भरात. सभासदाच्या घरी तोडीची गडबड, आणि बीडकडून आलेल्या टोळीतली बाई तर फडात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. तिने एक दिवस खाडा केला की दोघांची मजुरी बुडते. पहाटे मोळ्या बांधून डोक्यावरून ट्रॉलीत चढवणारीला आपल्या पोटात दोन जीव आहेत हे पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत ठाऊकच नसते. तेव्हा वारेची खूण पाहण्याची वेळ गेलेली असते. एकाच वारेचे जुळे असेल तर १६ आठवड्यांपासूनच्या मोजण्याही हुकलेल्या असतात.

यावर मोठा खर्च लागत नाही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियान २०१६ साली सुरू झाले. त्यानुसार दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. जुळे ही जोखमीची गरोदरता म्हणून नोंदली जाते आणि कार्डावर लाल खूण लागते. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमात २०११ पासून सरकारी रुग्णालयातले बाळंतपण, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, रक्त आणि ने-आण मोफत आहे. बाई दुसऱ्या जिल्ह्यातली म्हणून हे नाकारता येत नाही. माता-बाल संरक्षण कार्ड मात्र गावाहून सोबत आणावे.

आमची मुकादमांना आणि सभासदांना विनंती अशी : टोळी फडावर उतरली की गरोदर बायांची माहिती गावच्या आशाताईंना द्यावी. ९ तारीख तोडीच्या कार्यक्रमात आधीच धरून ठेवावी. त्या दिवशी तिची उचल, तिचा हिशेब यांचे निमित्त काढून तिला अडवू नये. जुळे आहे असे कळले तर मोळी वाहण्याचे काम तिला देऊच नये.

सोनोग्राफीला जाताना "पोरगा का पोरगी" हे विचारू नये. गर्भलिंगनिदानाविरुद्ध आपल्या राज्याने १९८८ साली देशात पहिला कायदा केला. देशाचा कायदा १९९४ चा, २००३ साली तो कडक झाला. विचारणारा आणि सांगणारा दोघेही गुन्हेगार ठरतात. त्याऐवजी तीन प्रश्न जरूर विचारावेत : वार एक की दोन? दोघांच्या वजनात फरक किती? पुढची मोजणी कोणत्या तारखेला? या तीन उत्तरांची चिठ्ठी कार्डाला टाचून ठेवावी.

उसाच्या बाबतीत सभासद आम्हाला नेहमी बजावतात की आमच्या गटाचे वजन दुसऱ्याच्या वजनात मिसळू नका. ती मागणी रास्त आहे. पोटातल्या दोघांचीही मागणी तीच आहे, फक्त त्यांना अजून बोलता येत नाही.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग